फेब्रुवारीतली साक्ष

पाळी जाऊन सात वर्षं झाल्यावर एस्तेरला पुन्हा डाग दिसले. तिने ते फक्त नवऱ्याला सांगितलं. कृपादान म्हणजे निवृत्त मास्तर. बेलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी बायबलचं शास्त्रवाचन तेच करत. त्यांनी तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला आणि रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी रक्त थांबलं.

त्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून एस्तेरने साक्ष दिली, "देवानं मला बरं केलं." कृपादानांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले.

बुधवारी ते एकटेच जाऊन रिपोर्ट घेऊन आले. "काही निघालं न्हाई," म्हणाले आणि चहा मागितला.

तेव्हापासून रोज जेवण झालं की ते तिच्या तळहातावर एक गोळी ठेवत. ताकदीची आहे म्हणत. गोळ्यांची पट्टी स्वतःच्याच खिशात. शेजारच्या बायका चिडवत, "मास्तरांना म्हातारपणी बायको कळली गं!" एस्तेर लाजायची.

जूनमध्ये रक्त पुन्हा सुरू झालं. या वेळी ती पुतणी आराधनाला घेऊन गेली, आणि डॉक्टरांना दाखवायला मास्तरांच्या खिशातली पट्टीही घेतली.

एसटीत आराधना हसली, "काकू, काकांना न सांगता निघालीस? पळून चाललीस का काय?"

"या वयात कोन पळवतंय गं मला?"

डॉक्टरबाईंनी पट्टी उलटी करून बघितली. "या मीच दिल्या होत्या. अजून चालू आहेत?"

"न्हाई बाई, त्या पाचच दिवस घेतल्या. या ताकदीच्या हायेत."

"या त्याच आहेत. यांनी रक्त थांबतं, आजार आत राहतो." त्यांनी फाईल काढली. "तुमचा रिपोर्ट फेब्रुवारीतच नेलाय. ऑपरेशनला लगेच या म्हणून मी स्वतः सांगितलं होतं. अस्तराचा कॅन्सर आहे, तेव्हा लवकर सापडला होता."

"आन आता?"

"आता कुठवर गेलाय ते एमआरआय केल्याशिवाय सांगता येणार नाही."

फाईलमध्ये रिपोर्ट नेल्याची सही होती. फळ्यावर लिहावं तशी, सरळ शिरोरेषेची. ते अक्षर एस्तेर तीस वर्षं किराणाच्या यादीत बघत आली होती. डॉक्टरबाईंनी रिपोर्टची दुसरी प्रत काढून दिली. तिने ती घडी करून पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर तिने पट्टी कृपादानांपुढे टाकली. "अहो, का?"

ते चष्मा पुसू लागले. "रिपोर्ट आला त्याच्या आधीच साक्ष झाली होती, एस्तेर. साऱ्या मंडळीपुढं. मला वाटलं, देवानं बरं केलंच आहे, कागद चुकला असंल. माझा विश्वास होता."

"विश्वास हुता, मग गोळ्या कशाला देत हुता?"

रोज तळहातावर ठेवलेली ती एकेक गोळी तिला आठवली. साक्ष खोटी पडू नये म्हणून ते जपत होते. तिला नव्हते जपत.

रविवारी साक्षीची वेळ आली तशी ती उठली. तिने पुढच्या बाकाला धरलं.

"मी फेब्रुवारीत दिलेली साक्ष मागं घेते. मला म्हाईत नव्हतं. उद्या एमआरआय हाय, मग ऑपरेशन. आराधना माझ्यासंगं येनार हाय."

कुणीतरी "प्रभू, प्रभू" पुटपुटलं. एस्तेर वाचनाच्या मेजापर्यंत चालत गेली आणि कृपादानांच्या उघड्या बायबलवर तिने रिपोर्टचा तो कागद ठेवला. तीस वर्षांत तिने त्यांना 'अहो'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "वाचा."

ते तिच्याकडे बघत राहिले. ती जागची हलली नाही. शेवटी त्यांनी चष्मा लावला.

त्यांनी आधी तारीख वाचली.