आयुक रोस्तिनाची पदवी

रोस्तिना इंडोनेशियातल्या पालेमबांग शहरात एका इस्पितळात एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. मोठमोठ्या पातेल्यांतला भात ढवळून तिचे दंड सुतारासारखे झाले होते. सगळे तिला आयुक म्हणायचे, म्हणजे ताईच, डॉक्टरसुद्धा.

तिला एक गोष्ट खुपायची. पथ्याची ताटं भरलेलीच परत यायची. एकदा तिने आहारतज्ज्ञ वुलानदारीबाईंना विचारलं, "या पेशंटला मीठ का नाही द्यायचं?" बाई तरुण, कायम घाईत. "तक्त्यात लिहिलंय तसं करा ना, आयुक," म्हणून निघून गेल्या. त्याच आठवड्यात रोस्तिनाने विद्यापीठाच्या नोकरदारांसाठीच्या वर्गात नाव घातलं. शनिवार-रविवार तास, विषय आहारशास्त्र, वय चव्वेचाळीस.

तिथेच आमची गाठ पडली. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसायचे आणि संख्याशास्त्र शिकत होते. तिला बाकी सगळं जमायचं, पण अभ्यासक्रमातला तो एक विषय डोक्यावरून जायचा. दोनदा नापास झाली. मग मधल्या सुट्टीत पेम्पेक, म्हणजे माशाचे तळलेले वडे, खाता खाता मी तिला शिकवायला लागले.

"सरासरी समजली गं," ती म्हणाली. "पण हे विचलन कशाला काढायचं?"

"एके दिवशी दोन ताटं परत आली, दुसऱ्या दिवशी चाळीस. सरासरी एकवीस. तू एकवीस धरून चालशील?"

तिने पेम्पेक चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवला. "नाही. चाळीस का आली ते बघायला जाईन. मग असं सरळ सांगायचं ना, इतकी आकडेमोड कशाला?"

तिसऱ्या खेपेला ती सुटली.

तिचा नवरा साप्री मुसी नदीत होडी चालवायचा. "आमच्याकडे आता मासा तळायच्या आधी त्याची तोंडी परीक्षा घेतात," असं तो घाटावर सगळ्यांना सांगत सुटायचा. पण साडेचार वर्षं दर शनिवार-रविवारी तिला पलीकडे सोडून, तास सुटेपर्यंत होडीतच डुलक्या काढत बसायचा.

पदवी मिळाली आणि लगेच इस्पितळात आहारतज्ज्ञाची एक जागा निघाली. रोस्तिनाने अर्ज केला. कारकुनाने तो खाली मान घालून परत दिला. वयाची अट होती, पस्तीस.

"नियम आहे आयुक, मी काय करणार?"

"तू काही करू नकोस. कागद तेवढे नीट दे, चुरगाळू नकोस."

मी चिडले होते. भांडायला चल म्हणाले. ती म्हणाली, "राग मलाही आलाय. पण उद्या सकाळी दोनशे माणसं जेवायची आहेत." आणि गेली कामाला.

पुढच्या पावसाळ्यात मुर्शिद नावाचे म्हातारे होडी-बांधणारे हृदयाच्या दुखण्याने दाखल झाले. तीन दिवस त्यांनी ताटाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी वुलानदारीबाई स्वतः स्वयंपाकघरात आल्या. चेहरा उतरलेला.

"आयुक, सलाईनवर किती दिवस ठेवायचं त्यांना? तुम्हीच सांगा काहीतरी."

रोस्तिनाने हात पुसले, कागद घेतला. नदीतला ताजा मासा, अननस, चिंच, हळद, मिरची, रानतुळशीची पानं. आमचं रोजचं पिंदांगच, माशाचं आंबट-तिखट कालवण, पण चिमूटभरही मीठ नाही. प्रत्येक जिन्नसासमोर तिने सोडियम लिहिलं आणि कागद पुढे केला. बाईंनी दोनदा तपासला.

"हे तुम्ही काढलंत?"

"मीच. संख्याशास्त्रात दोनदा नापास झालेय, म्हणून तुम्ही एकदा बघा."

म्हाताऱ्यांनी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. "मीठ विसरली कोण?" मग वाटी संपवली आणि आणखी मागितली. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. "घरी गेल्यावर हे मी कसं करू? मला शिकवा की."

तेव्हापासून घरी जाणाऱ्या पेशंटच्या बायकांना रोस्तिना दुपारी अर्धा तास शिकवू लागली. वर्षभराने वुलानदारीबाईंनीच तिला सांगितलं, की नदीकाठच्या सरकारी आरोग्य केंद्राला वस्त्यांत फिरून आहार शिकवणारं माणूस हवंय, कंत्राटावर, वयाची अट नाही. शिफारसपत्र त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. पत्र देताना म्हणाल्या, "तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, तेव्हाच मी सांगायला हवं होतं."

आता ती आठवड्यातून चार दिवस वस्त्यांत जाते, साप्रीच्याच होडीतून. मीही खिडकीवरून उठले. गळतीचे आकडे जुळवणाऱ्या विभागात आहे, आणि काम आवडतं. मागच्या मंगळवारी सुट्टी होती म्हणून तिच्याबरोबर गेले. खांबांवरच्या एका घरात दहा-बारा बायका जमल्या होत्या. एकीने तिला डॉक्टरीणबाई म्हटलं.

"डॉक्टरीण नाही गं. स्वयंपाकीण आहे, थोडी शिकलेली. चूल पेटव आधी."

चूल पेटली, बिनमिठाचं पिंदांग शिजलं, वाद सुरू झाले. कोणी म्हणे चिंच जास्त झाली, कोणी म्हणे मिरची कमी. साप्री खालून ओरडला, की भूक लागलीय. रोस्तिनाने एक वाटी भरली आणि जिना उतरून त्याला होडीत नेऊन दिली.