लेखक: परेश

नवा सर्व्हर, म्हणजे दूरवरचा संगणक, भाड्यानं घेतला की तो अगदी कोरा येतो. त्यावर खाती उघडायची, कुलपं लावायची, घड्याळ भारतीय वेळेवर आणायचं. हे सगळं हातानं करण्यात कंपनीचा एक माणूस दिवसभर गुंतायचा. मग मर्सीनं एक फाइल लिहून ठेवली. सोसायटीत नव्या भाडेकरूच्या हातात नियमांचा कागद देतात, तशी ती सर्व्हर सुरू होतानाच त्याला द्यायची. फरक इतकाच, की सर्व्हर तो कागद खरंच वाचतो.

तिच्याच ऑफिसातल्या परेशनं तो वाचला नव्हता. मर्सी बाळंतपणाच्या रजेवर निर्मळला माहेरी गेली, तेव्हा त्यानं फाइल उघडली, पहिल्या ओळीतल्या 'लेखक: मर्सी'चं 'लेखक: परेश' केलं आणि बंद केली. चंदनसारच्या ऑफिसात तेव्हापासून तो हुशार समजला जाऊ लागला. काही दिवसांनी त्यालाही ते पटलं.

मर्सी रजेवरून परतली त्या दिवशी मालक शांतारामभाऊंनी सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं.

"मर्सी, तू नव्हतीस तेव्हा परेशनं एका बटणात सर्व्हर तयार करायचा शोध लावलाय. शिकून घे."

मर्सी पुढच्या खुर्चीत बसली. परेशनं बटण दाबलं. सर्व्हर तयार झाला आणि मर्सीचा फोन लग्नाच्या बँडच्या सुरात वाजला.

"फोन आवर गं," भाऊ म्हणाले. "परेश, आणखी एक होऊ दे."

दुसरा सर्व्हर झाला. पुन्हा बँड.

परेशनं पहिल्यांदाच फाइल तळापर्यंत सरकवली. शेवटची ओळ सर्व्हरला सांगत होती, की तयार झालास की लेखकाच्या नावासकट मर्सीला निरोप धाड. म्हणजे त्याचा एकूण एक पराक्रम निर्मळला, पाळण्याशेजारी पोचत होता. ओळ पडद्यावर सगळ्यांसमोर होती. पण पडद्यावरचं वाचायची ऑफिसात कुणाला सवय नव्हती.

ती पुसायला वेळ लागला नसता. बोट कळीवर गेलंही. मर्सी त्या बोटाकडे बघत होती. रागानं बघत असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, ही फाइल मर्सीची आहे."

"बघा," भाऊ सगळ्यांकडे वळले. "याला म्हणतात विनय."

टाळ्या पडल्या.

"विनय नाही, भाऊ. मी नाव बदललं. चोरली म्हणा."

"किती तो विनय." टाळ्या वाढल्या.

"मर्सी, निरोप तुझ्याच फोनवर येतो ना? वाच," परेश म्हणाला.

मर्सीनं सरळ आवाजात वाचलं, "सर्व्हर तयार आहे. लेखक: परेश."

"घ्या. सर्व्हरसुद्धा तेच सांगतोय," भाऊ म्हणाले.

मग परेशनं सगळ्यांदेखत आपलं नाव पुसलं. जुनं नाव परत लिहिताना घाईत आधी 'मरसी' झालं. ते दुरुस्त करून त्यानं बटण दाबलं. बँड वाजला.

"लेखक: मर्सी," मर्सीनं वाचलं.

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

"म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

"म्हणजे आधी हेच होतं," परेश म्हणाला.

भाऊंनी चहा मागवला आणि परेशच्या बाजूला पाठ करून प्यायला सुरुवात केली. बाकीच्यांनाही तीच बाजू सोयीची वाटली. कप घेऊन मर्सी तेवढी त्याच्याजवळ आली.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?" परेशनं विचारलं.

"फोन वाजायचा ना."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कधीतरी खालपर्यंत वाचशील." तिनं चहा फुंकला. "एक सांगू? रविवारी सकाळी सर्व्हर नको करत जाऊस. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी फोन वाजतो. फादर विचारत होते, कुणाच्या लग्नाची एवढी घाई आहे."

परेशनं मान हलवली. ती खालीच होती, त्यामुळे हलवणं सोपं गेलं.