तोंडाला पाणी सुटू द्या

मित्रांनो, मी एक जुनं, खडे फोडणारं यंत्र आहे. रस्त्यावरचे खडे नव्हेत, माणसाच्या लाळग्रंथीतले. हो, लाळेतही खडा होतो! ग्रंथीच्या बारीक नळीत तो अडकला, की घास घेताच लाळ तुंबते, जबड्याखाली सूज येते आणि समोर ताट असून माणूस रडकुंडीला येतो.

कारखान्यात माझ्या तोंडाशी पाण्याने भरलेली मऊ रबरी पिशवी बसवली. ती रुग्णाच्या जबड्याखाली टेकवतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर खडा हेरतात आणि मी टकटक करत आघातलहरी सोडतो. कातडीवर चीर नाही, टाका नाही. आत खड्याचे मात्र तुकडे. सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं!

एकदा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका आले. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "तीनदा प्रयत्न करू. नाहीच जमलं तर ग्रंथी काढावी लागेल. तिच्या जवळूनच खालच्या ओठाची नस जाते. तिला इजा झाली तर ओठ वाकडा होऊ शकतो."

ओठ वाकडा झाल्यावर काका क्लॅरिनेट फुंकणार कसे?

पहिल्या दोन्ही वेळा, महिन्याच्या अंतराने, मी खडा फोडला. पडद्यावर तुकडे दिसायचे, पण जागचे हलायचे नाहीत. तिसऱ्या खेपेला मला चालवणाऱ्या ताईंनी विचारलं, "काका, घरी लिंबू चोखता ना?"

सोबत आलेल्या काकूच उत्तरल्या, "छे हो! आमच्याकडे लिंबू, चिंच सगळं बंद. वाजवणाऱ्यापुढे आंबटाचं नाव काढायचं नाही. तोंडाला पाणी सुटलं की सूर गेलाच!"

"अहो काकू, तेच तर सुटायला हवंय! लाळ वाहिली तरच तुकडे वाहून जातील. घरी नेलेल्या सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं की."

"त्या ओळीवर मीच काट मारली," काकू ओशाळल्या. "म्हटलं, डॉक्टरांना वाजवण्यातलं काय कळतं!"

"तीस वर्षं हिने माझा सूर सांभाळला," काका हसले, "आणि आता ओठच घालवत होती!"

त्या दिवशी माझं काम संपल्यावर काकूंनी स्वतःच्या हाताने लिंबाची फोड काकांच्या तोंडात दिली. आठवड्याने ते छोटी डबी घेऊन आले. आत वाळूसारखे पिवळट कण! नळी मोकळी झाली होती. ग्रंथी वाचली, ओठही वाचला.

आता नळीत शिरणारी बारीक दुर्बीण आली आहे. मी कोपऱ्यात असतो. पिशवीचं रबर घडीवर तडकलंय. मित्रांनो, जुन्या यंत्राला अधूनमधून पुसा, रबर कोरडं पडू देऊ नका. आम्हाला तेवढं पुरतं. आजारी माणसाला मात्र नुसतं सांगून भागत नाही. त्या ताईंनी तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर काकांचा जीव दोन महिने टांगणीला लागला नसता. खडा मी फोडेन. विचारायला माणूसच लागतो.