चकाचक टाकीतला निळा तारामासा

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविल शहरातल्या आमच्या मत्स्यप्रेमी मंडळात सर्वांत स्वच्छ टाकीचं बक्षीस सलग तीन वर्षं मलाच मिळालं. चाळीस वर्षं दातांचा डॉक्टर होतो. कुठे हिरवट थर दिसला की खरवडल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेजारच्या डल्सीबाईंच्या टाकीला मी भर सभेत गटार म्हणालो होतो. बाई पहिल्याच रांगेत बसून केक खात होत्या.

निवृत्त झालो तेव्हा नोरीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला निळा तारामासा आणून दिला. त्याला पाहून मी लहान पोरासारखा हरखलो. रोज त्याच्यापुढे कोळंबीचे तुकडे ठेवायचो. तो त्यांच्यावरून खुशाल चालत जायचा. मला वाटलं, स्वारी जरा चोखंदळ आहे.

पाचव्या महिन्यात त्याचं अंग खपाटीला गेलं आणि एका हाताचं टोक पांढरं पडून झिजू लागलं. मी पाणी तपासलं. पाणी उत्तम होतं. दुकानदाराला फोन केला, तर त्यानं सांगितलं की ही जात दगडांवरचा आणि काचेवरचा पातळ थर खाते. तो थर मी रोज सकाळी दात घासायच्या ब्रशानं साफ करत होतो. म्हणजे इतके दिवस मी त्याच्या ताटातलं काढून घेत होतो आणि वर त्यालाच नावं ठेवत होतो.

नवा थर धरायला कित्येक महिने लागणार होते, आणि त्याच्याकडे फार तर काही दिवस उरले होते. भरपूर थर असलेली टाकी जवळपास एकच होती. नोरीन म्हणाली, "तू जातोस का मी जाऊ?" मीच गेलो.

पाण्याबाहेर निघू न देता त्याला डब्यात घेतलं आणि डल्सीबाईंच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. बाईंनी डब्यात वाकून पाहिलं.

"उपाशी मारलास की रे याला."

"हो," मी म्हणालो. "चूक माझीच आहे. तुमच्या टाकीत ठेवाल?"

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती बारीक नळी आणली. नव्या पाण्याची त्याला हळूहळू सवय व्हावी म्हणून त्यांच्या टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं डब्यात सोडायला चार तास लागले. चारही तास समोर ती हिरवीगार काच होती.

"हात खिशात घाल, मर्विन," बाई म्हणाल्या.

मग मी घरची काच पुसणं सोडलं. ब्रश नोरीननं लपवून ठेवला, माझा भरवसा नव्हता. आठ महिन्यांनी आमचीही टाकी छान घाण झाली आणि मी बादली घेऊन त्याला आणायला गेलो.

तो काचेवर होता. अंग भरलेलं, झिजलेल्या टोकाला बोटभर नवी निळाई. इतक्या हळू सरकत होता, की तो हलतोय हे कळायला मला पाऊण तास लागला. बाई म्हणाल्या, "ने की, तुझाच आहे."

मला तो हवा होता, फार हवा होता. पण मी स्वतःला चांगला ओळखतो.

रिकामी बादली घेऊन घरी आलो. नोरीननं विचारलं, "काय झालं?"

"तिथं तो जेवतोय," मी म्हणालो.