शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या घरात शक्ती श्रेष्ठ. हे मी नाही म्हणत, माझे बाबा म्हणतात, आणि तेही माइकवर.

कोकणातल्या शक्ती-तुऱ्यात दोन पार्ट्या समोरासमोर येतात. शक्तीवाले गातात की जगात शक्ती, म्हणजे बाई, श्रेष्ठ. तुरेवाले गातात की शिव, म्हणजे पुरुष. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाऊन जबाब द्यायचा. मागे कोरस, ढोलकी, बेंजो आणि पायात चाळ बांधून गोलात नाचणारी पोरं. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं आणि आपल्या गुरूचं नाव गुंफतो. जबाब द्यायला उठणाऱ्याने आधी ते नाव घ्यायचं, जसं गुंफलंय तसंच घ्यायचं, आणि मगच तोंड उघडायचं, हा आमच्याकडचा नियम. बाबांच्या लेखी तो देवाने घालून दिलेला आहे.

आमचं मंडळ मूळचं गुहागरकडचं, आता मुंबईतलं, पिढीजात शक्तीवाल्यांचं. आणि या शक्तीवाल्यांच्या मंचावर आजवर एकाही बाईने पाय ठेवला नव्हता. हल्ली बायकांच्या पार्ट्या निघाल्यात, गाजतायतही. त्यांचा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

बाबा म्हणजे शाहीर नंदकुमार. आवाज बसल्यावर त्यांनी मंडळ माझ्या धाकट्या भावाकडे, निलेशकडे सोपवलं. निलेश गातो झकास, दिसतो झकास, यूट्यूबवर त्याच्या गाण्यांखाली पोरी बदाम टाकतात. फक्त त्याला लिहिता येत नाही. लिहिते मी. आणि नुसतं घरी बसून नाही. कार्यक्रमात मी पुढच्या रांगेत बसते, समोरून सवाल आला की मोबाइलवर जबाब लिहून पाठवते. निलेशच्या वहीच्या स्टँडवर त्याचा मोबाइल टेकवलेला असतो. तो डोळे मिटून, देवी अंगात आल्यासारखी मान हलवतो, मग एक डोळा किलकिला करून वाचतो आणि गातो. लोक म्हणतात, काय हजरजबाबी पोरगा आहे! मंडळात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नाही. मला दिसतं. रागाने माझं डोकं फिरतं, पण लिहायला बसलं की इतकी मजा येते की राग विसरते, आणि तेच यांच्या पथ्यावर पडतं.

त्या रविवारी चारकोपला एका शाळेच्या मैदानावर दुपारचा कार्यक्रम होता. सकाळी घाटकोपरच्या आमच्या खोलीत आई पूर्ण मंडळासाठी भाकऱ्या थापत होती. मी बाबांपुढे चहा ठेवला आणि म्हटलं, "बाबा, आज शेवटच्या कडव्यात माझं नाव घालते."

"नाव कशाला गं? सगळं घरातलंच तर आहे."

"घरातलंच आहे तर निलेशचं तरी कशाला?"

"तो गातो."

"मग मी गाते."

बाबा हसले. रागावले असते तर मी भांडले असते. ते हसले, अगदी प्रेमाने, लहान मुलीने 'मी विमान चालवणार' म्हटल्यावर हसतात तसे. "मानसी, तुझं डोकं आणि निलेशचा गळा, अजून काय पायजे? बायकांनी मंचावर चढायचं आपल्यात नाही." आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचा गोळा हातात घेतला.

मैदान गच्च भरलं होतं. मांडवात पुरुष पुढे, बायका मागे, त्यांच्यातच आई, मंडळाच्या कामाची म्हणून मी तेवढी पुढे, आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी खांबावर एक भोंगा, म्हणजे जागा न मिळालेल्यांनाही ऐकू जावं. समोर तुरेवाले होते, मुलुंडचे शाहीर चंद्रप्रकाश. माणूस जुना, आवाज खणखणीत, जीभ तिखट. मी पुराणातले सगळे अवघड सवाल घोटून आले होते. सती कितव्या जन्मात पार्वती झाली इथपासून ते महिषासुराच्या आजोळापर्यंत. चंद्रप्रकाशबुवांनी पुराणाला हातच लावला नाही. मिशीवरून बोट फिरवलं आणि उचललं,

"शक्ती थोर, शक्ती थोर, गाता ऊर फुटेस्तोवर,
बाई एक दाखवा, शाहीर, तुमच्या मंचावर!
का थापत बसली ती शक्ती भाकऱ्या चुलीवर?"

मांडव हास्याने फुटला. शिट्ट्या वाजल्या. मागे बायकाही हसल्या, आणि मला त्यांचं हसणं जास्त लागलं. मी वळून आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. मांडीवर हात ठेवून बसली होती, सकाळच्या भाकऱ्यांनी बोटं अजून लाल होती.

निलेशने सवयीने डोळे मिटले, मान हलवली, एक डोळा उघडला. मोबाइल कोरा. मी काय लिहिणार होते? सवाल खोटा असता तर खोडून काढला असता. तो शंभर टक्के खरा होता. बुवांनी थट्टेत का होईना, आमच्या वर्मावर बोट ठेवलं होतं.

ढोलकीवाल्याने एक आवर्तन वाढवलं, मग आणखी एक. निलेशच्या कपाळावर घाम आला. शेवटी मी लिहिलं, "याचा जबाब लिहून होणार नाही. मी वर येते."

त्याने वाचलं आणि मंचावरूनच टाइप केलं, "वेड लागलंय का? बाबा बसलेत ना यार!"

"दुसरा जबाब असेल तर गा."

त्याने मोबाइल उलटा ठेवला. मी उठले. बाबा माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी नुसतं "मानसी" म्हटलं. आयुष्यभर त्या एका हाकेने मी जागच्या जागी बसलेली आहे. त्या दिवशी मात्र बसले नाही. पायऱ्यांपाशी आयोजकांपैकी एकाने हात आडवा धरला. "ताई, लेडीजची सोय मागे आहे."

"माहितेय. तिथली सोय बघूनच आलेय," मी म्हटलं आणि चपला काढून वर चढले.

निलेशने माइक दिला नाही, पण धरूनही ठेवला नाही. मी घेतला. नियमाप्रमाणे आधी बुवांनी गुंफलेलं त्यांचं आणि त्यांच्या गुरूचं नाव घेतलं, पण पहिली ओळ चिरकलीच.

"भाकरीला हसलात, बुवा, खाऊनच आलात ना?
भरल्या पोटी आमच्यावर सवाल टाकलात ना?"

ही ओळ कोरसने उचलायची. कोणी उचलली नाही. सगळे बाबांकडे बघत होते. ढोलकी थांबली. मला पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगते. आणि तेवढ्यात मागून, बायकांच्या बाजूने, कोणीतरी माझी ओळ उचलली. माइक नाही, सूरही थोडा उतरलेला. आई उभी होती. चाळीतल्या गणपतीत आरतीलासुद्धा पुटपुटणारी माझी आई खड्या आवाजात गात होती, "खाऊनच आलात ना?"

आता बायका हसल्या, पण या वेळी बुवांना. दुसऱ्या फेरीला अर्धा मांडव तिच्यासोबत होता. ढोलकीवाल्याला राहवलं नाही, त्याने थाप मारली. माझा गळा सुटला.

"गिरणी बंद, धनी घरी, तेव्हा चूल कुणाची?
डबे गेले, पोरं शिकली, सांगा करणी कुणाची?"

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आईने डबे सुरू केले होते. ते दुपारभर शाहिरी घोटायचे, ती घरोघरी डबे पोचवायची. शक्तीवर त्यांनी किती गाणी गायली, त्यांतल्या एकातही तो डबा नव्हता. बाबा उठले. मला वाटलं, वर येतील. ते मधल्या वाटेने, आईच्या समोरून, मान खाली घालून फाटकाबाहेर गेले. आई जागची हलली नाही आणि गायचीही थांबली नाही, म्हणून मीही थांबले नाही.

"मंचावरती बाई मागता? घ्या, ही उभी राहिली,
रत्नप्रभेची मानसी, जिनं सारी गाणी लिहिली!"

रत्नप्रभा हे आईचं नाव. गुरूच्या जागी मी तेच गुंफलं. टाळ्या पडत होत्या, निलेश मोबाइल खिशात टाकून खाली बघत होता, आणि चंद्रप्रकाशबुवा जबाब द्यायला उठले.

"शाहीर निलेश..." त्यांनी सुरुवात केली.

"नाव चुकलं, बुवा," मी म्हटलं. माइक अजून माझ्याच हातात होता.

ते गालात हसले. "शाहीर नंदकुमारांच्या कन्ये..."

"गुंफलंय तसं घ्या. सवाल तुमचा होता, जबाब मिळाला. आता नियम पाळा. नाहीतर हरलो म्हणा."

मागून बायका ओरडायला लागल्या, "नाव घ्या! नाव घ्या!" बुवांनी इकडे तिकडे बघितलं, मिशीला हात नेला आणि खाली आणला. मग तो खणखणीत आवाज सगळ्या मैदानावर घुमला, "शाहीर, रत्नप्रभेची मानसी!"

मांडवातून फाटक दिसत होतं. बाबा टपरीशी हातात चहा घेऊन, आमच्याकडे पाठ करून उभे होते. भोंगा बरोबर त्यांच्या डोक्यावर होता.