मधली शिवण

दोन्ही हातांत चहाचे कप होते म्हणून त्याने सरायीतल्या खोलीचे दार पायाने लोटले.

"उठा बाईसाहेब, भुतानं खाल्लं नाही ना तुम्हाला?"

बायको उठली नाही. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन ती रोजच्यासारखीच झोपली होती. त्याने कप खिडकीत ठेवले आणि तिच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

डॉक्टर येऊन गेला. झोपेतच गेल्या, म्हणाला. सरायीचा मॅनेजर नाकाला रुमाल लावून दारात उभा होता. नाकाला रुमाल लावावा असे खोलीत काही नव्हते.

"काका, एक विनंती होती," तो हळूच म्हणाला. "खाली पाहुणे नाश्त्याला बसलेत. मागच्या जिन्यानं नेऊ या का?"

मागच्या जिन्यावर उष्ट्याची पिंपे होती. पायऱ्या तेलाने चिकट झाल्या होत्या. जी बाई झोपण्यापूर्वी घासणीसुद्धा धुऊन वाळत घालायची, तिला त्या पिंपांना घासत खाली नेले. तो प्लंबर होता. लोकांच्या तुंबलेल्या गटारांत खांद्यापर्यंत हात घालून त्याचे आयुष्य गेले होते आणि वर येऊन तो निवांत जेवायचा. त्या दिवशी मात्र शेवटच्या पायरीवर त्याला उलटी झाली.

सरायीतला तो मुक्काम लेकीने त्यांना भेट दिला होता. फार जुनी सराय. पूर्वी घोड्यांवरून जाणारे व्यापारी तिथे उतरत. आता तिथे भुते राहतात अशी जाहिरात करत आणि जोडपी हौसेने येत. आदल्या संध्याकाळी खोलीत शिरल्या शिरल्या बायकोने पलंगावरची चादर दोन बोटांनी उचलून खुर्चीवर टाकली होती.

"कोण कोण लोळलं असेल हिच्यावर! शी!"

मग पिशवीतून घरची चादर काढली. परगावी जाताना ती चादर बरोबर असायचीच. चादर मधोमध विरली की ती टाकून द्यायची नाही, हा तिचा नेम होता. उभी फाडायची, दोन्ही बाजूंचे धड काठ मधे आणून एकमेकांना शिवायचे. मग चादरीच्या मधून डोक्यापासून पायापर्यंत एक शिवण जायची.

"ही हद्द," ती दर वेळी म्हणायची. "तुमचा मुलूख तिकडं, माझा इकडं. घोरणं हद्दीच्या अलीकडं येता कामा नये."

दिवेलागणीला भिंतीत ठकठक सुरू झाली. खालच्या मजल्यावर बायका किंचाळल्या. त्याने भिंतीला कान लावला.

"पाइपाचा क्लँप ढिला आहे. कुणी नळ बंद केला की पाइप आपटतो. पाना आणला असता तर..."

"गप्प बसा हो. लोक भुतासाठी आलेत, तुमच्या क्लँपसाठी नाही."

ती हसता हसता उशीवर कलंडली. शिवणीच्या तिच्या बाजूला.

ती गेली त्या दिवशी सामान भरताना त्याने तिच्या चपला घेतल्या, कंगवा घेतला, चष्मा घेतला. चादर राहिली. महिनाभराने आठवण झाली. फोन केला तर मॅनेजर "शोधतो काका" म्हणाला. दर फोनला तेच. लेक म्हणाली, "बाबा, सोडून द्या ना." ते त्याला जमले नाही. घरात तिने शिवलेले बाकी सगळे होते, पण ते सगळे कपाटात घडी घातलेले होते. त्या चादरीवर ती शेवटची झोपली होती.

वर्ष उलटल्यावर तो स्वतःच गेला.

मॅनेजर एका नव्या जोडप्याला सराय दाखवत होता. त्याने याला ओळखले नाही. "या, या काका, तुम्हीही या," म्हणाला. बोलायला संधी मिळेल म्हणून तो मागोमाग गेला. ते त्याच खोलीत शिरले.

भिंतीवर काचेची पेटी होती. आत एक पांढरी चादर घडी घालून ठेवली होती. वरच्या घडीवर तपकिरी डाग होता.

"इथं एक बाई गेली. नवऱ्याच्या कुशीत," मॅनेजर आवाज खोल करून म्हणाला. "ही तिची चादर. अजून धुतलेली नाही. रात्री ती येते, मोकळ्या केसांनी. ज्या नवऱ्याचं प्रेम खरं नसतं, त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढते."

"मग तुमची काही धडगत नाही आज!" मुलीने नवऱ्याला कोपराने ढोसले. पेटीपुढे उभे राहून दोघांनी फोटो काढला. मग ती याच्याकडे वळली. "काका, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"किळस वाटते," तो म्हणाला.

मुलगी हसली. तिला ती गंमत वाटली.

तो पेटीजवळ गेला. डाग चहाचा होता. चादरीला शिवण नव्हती.

"ही तिची नाही."

तेव्हा कुठे मॅनेजरने त्याच्याकडे नीट पाहिले. जोडप्याला गच्ची बघायला पाठवून त्याने याचा दंड धरला आणि मागच्या जिन्याकडे नेले.

"काका, रागावू नका. आम्ही नाव घेतलं का कुणाचं? लोकांना अशी गोष्ट आवडते."

"चादर कुठाय?"

"एका जुन्या चादरीचं काय घेऊन बसलात? नव्या दोन देतो." मग आणखी जवळ येऊन तो म्हणाला, "नाहीतर असं करा. आज राहा त्याच खोलीत. आमच्याकडून. कुणी सांगावं, भेटतीलही."

त्याने दंड सोडवून घेतला. मॅनेजरची बोटे जिथे लागली होती ती जागा सदऱ्याच्या टोकाने पुसली, पुन्हा पुसली. मॅनेजर वर गच्चीकडे गेला.

जिन्याच्या वळणावर संडास होता. तिथली सफाईवाली पुसता पुसता उठून दारात आली.

"दादा, मधे शिवण होती ती का?"

"हो. तीच."

"कपाटात होती की. मग घातली पलंगावर. पण पाहुणे म्हणायचे, शिवण टोचते. म्हणून फाडली. जुनं सुती ना, पाणी छान शोषतं." बोलता बोलता तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हातातल्या फडक्याकडे पाहिले. "तुमची होती?"

"बायकोची."

तिने फडके पाठीमागे नेले. "अगंबाई! नको दादा, घाण आहे हे. आत्ताच संडास पुसलाय."

त्याने हात पुढे केला. ती नाही नाही म्हणत होती, पण त्याने हात मागे घेतला नाही. शेवटी तिने ते पिळून त्याच्या तळहातावर ठेवले. काळे पडलेले, बुळबुळीत, कुणाकुणाचे केस चिकटलेले. मधून शिवण गेली होती. बारीक, घट्ट टाके.

"बाकी सगळं टराटरा फाटलं," बाई खाली बघत म्हणाली. "ती शिवण तेवढी फाटेना मेली."

परतीच्या प्रवासात त्याने ते मांडीवर ठेवले होते. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. त्याने एकदा ते नाकाजवळ नेले. फिनेलच्या आत आणखी काही आहे का, ते त्याला कळले नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"मिळाली का?"

"मिळाली."

"धुऊन ठेवा हं बाबा. आईनं आल्या आल्या उकळत्या पाण्यात टाकली असती."

"हो."

त्याने पाणी उकळले, सोडा टाकला, बादली मोरीत नेली. फडके हातात धरून तो बादलीशी बराच वेळ बसला. पाणी निवले, तसे ओतून टाकले.

मोरीतल्या नळावर ते फडके आज वाळून कडक झाले आहे. धुवायचे अजून राहिले आहे.