उजव्या हाताची जखम

आमच्या नर्सरीत एक नियम आहे: हात कापला की पिशव्या. म्हणजे कलम करणाऱ्या बाईने कामात स्वतःचं बोट कापून घेतलं, तर हंगाम संपेपर्यंत तिने कलमांच्या मांडवात बसायचं नाही. बाहेर जाऊन पिशव्यांत माती भरायची. नियम मालकाचा नाही, माझा आहे. मालक कैलाशभाऊ भला माणूस, बाईमाणसाला रागवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो. म्हणून ते खातं माझ्याकडे.

मी कुंदाबाई. एकोणीस वर्षं आंब्याची कलमं करते. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आसपास ज्या कोणाच्या परसात दसहरी किंवा लंगडा लागला असेल, त्यातली बरीच झाडं माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार? काम दिसायला सोपं आहे. पेन्सिलीएवढं जाड रोप घ्यायचं, शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. काप सपाट आला तर कलम जगतं, वाकडा आला तर चार दिवसांत वाळतं. हंगाम जुलै-ऑगस्टचा, दीड महिन्याचा. तो गेला की वर्षभर थांबा.

माझ्या नियमाला कारण होतं. इतकी वर्षं आम्ही दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं वापरायचो. त्याला ना मूठ ना काही. ते घसरलं तर दोष बाईचाच. एक तर तिचं लक्ष गप्पांत असणार, नाही तर हात घाईत. माझ्या स्वतःच्या डाव्या अंगठ्यावर सात खुणा आहेत आणि सातही वेळा चूक माझीच होती.

या वर्षी मी कैलाशभाऊंच्या मागे लागले की ब्लेड बस झालं, चाकू आणा. जाड खोडात ब्लेड तुटतं, काप दाताळ येतो. त्यांनी गोंदियाच्या दुकानातून बारा नवे चाकू आणून दिले. मिटणारे होते, काळ्या मुठीचे. मुठीच्या आत एक पोलादी पत्ती, तोच खटका. पातं उघडलं की ती टुक करून पात्याच्या बुडामागे येऊन बसते, मग पातं मिटत नाही. मिटायचं असेल तर अंगठ्याने पत्ती बाजूला सारायची. पहिला चाकू मी घेतला. दिवसभर चालवला आणि संध्याकाळी सगळ्या बायांना सांगितलं, असं हत्यार आजपर्यंत आपल्या हातात आलं नव्हतं. माझा चाकू चांगला निघाला, घोटाळा तिथेच झाला.

चौथ्या दिवशी रेणूचा हात कापला.

रेणू आमच्या गल्लीतल्या जमुनाबाईची सून, बावीस वर्षांची. गेल्या हंगामात माझ्याजवळ बसून शिकली. मी कोणाची सहजासहजी स्तुती करत नाही, पण तिच्या शंभरातली नव्वद कलमं जगली होती. त्या दिवशी ती एकदम ओरडली. वळून पाहते तर तिने हात पदरात गुंडाळलेला आणि पदर लाल.

"मावशी, चाकू आपोआप मिटला वो," ती म्हणाली.

"चाकूले पाय फुटले का?" मी म्हटलं. "ध्यान कुठी होतं तुझं?"

"खरंच सांगून राहिली. मी चीर देऊन राहिली होती, अन् तो मिटला."

"एकोणीस वर्षांत हरेक बाईनं मले हेच सांगतलं, आपोआप झालं म्हणून. जा, आधी डॉक्टरकडे जा. अन् उद्यापासून पिशव्या."

कैलाशभाऊंनी तिला मोटारसायकलवर गोरेगावला नेलं. तीन टाके पडले. जखम कुठे झाली, कोणत्या बोटाला झाली, हे मी पाहिलंसुद्धा नाही. रागवायची घाई होती ना.

दुसऱ्या दिवसापासून रेणू बाहेर पिशव्या भरू लागली. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. तिच्या सासूने विहिरीवर, किराण्याच्या दुकानात, जिथे चार जणी भेटतील तिथे सांगितलं की सुनेच्या हाताला वळणच नाही, कुंदाबाईनेच तिला उठवलं. एका सकाळी जमुनाबाई स्वतः नर्सरीच्या फाटकाशी आली.

"कुंदाबाई, मातीच भराची असन त आपल्या बांधीत भरन ना. सोमवारपासून मी तिले रोवण्याले नेतो. इथं कायले ठेवू?"

भाताची रोवणी ऐन भरात होती आणि घरच्या बांधीला, म्हणजे भाताच्या शेताला, माणूस हवाच असतो. मी म्हटलं, "तुझी सून, तुझी मर्जी." रेणू मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभी राहून ऐकत होती. एकदा बांधीत गेली की ती मांडवात परत येणार नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. मला वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम, असं स्वतःला सांगून मी आत जाऊन बसले.

शुक्रवारी रेणू टाके काढून आली. दुपारी तिच्याजवळून जाताना पाहिलं, ती डाव्या हाताने माती लोटत होती आणि उजवा हात जपून धरला होता. मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले.

कलम करताना उजव्या हातात पातं असतं आणि डाव्या हातात काडी. घसरलं तर डावा हात कापतो. माझ्या सातही खुणा डाव्या अंगठ्यावर आहेत. मग चाकू ज्या हातात, तोच हात कसा कापला?

"हात दाखव," मी म्हटलं.

तिने उजवा हात पुढे केला. पहिल्या दोन बोटांवर, आतल्या बाजूने, पेरांच्या मधोमध आडवी सरळ रेघ. मुठीभोवती जिथे बोटं वळलेली असतात, नेमकी तिथे. पातं मिटल्याशिवाय ही जखम होऊच शकत नव्हती. पोरगी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.

मी मांडवात गेले, सगळ्यांचं काम थांबवलं आणि बाराही चाकू गोळा केले. एकेक उघडायचा, बोटं लांब ठेवून मूठ धरायची आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दाबायची. पहिला टिकला. दुसरा टिकला. तिसरा खटकन मिटला. बारातले पाच मिटले. मग ते पाच आणि माझा चांगला चाकू उजेडात शेजारी धरून पाहिले. चांगल्यात खटक्याची पत्ती पात्याच्या बुडामागे पूर्ण येऊन बसत होती. खराब पाचांत ती आखूड होती, जेमतेम कोपऱ्याला टेकत होती. आणि खोडाला चीर देताना आम्ही सगळ्या पात्याच्या पाठीवर अंगठा देतो. खोड एकदम फाटतं, जोर अचानक सुटतो आणि तो जोर त्या आखूड पत्तीवर येतो. रेणूच्या हाती त्या पाचांतला एक लागला, एवढंच. माझ्या हाती लागला असता तर मीच कापून घेतलं असतं.

लाज वाटली. ती तशीच ठेवून आधी राग काढायचं ठरवलं, रागाला जागा गोंदियात होती.

शनिवारी सकाळी पाच खराब आणि एक चांगला चाकू जेवणाच्या डब्यात घालून मी एसटीत बसले. दुकान बाजारातलं, मालक मुन्नालाल. पाठीवर दाबला की चाकू मिटतो, हे मी त्याला सांगितलं. त्याने वळूनही न पाहता उत्तर दिलं.

"मौसीजी, इसमें चाकू क्या करेगा? आपकी बाइयाँ पीठ पर अंगूठा देती हैं. कागज पे साफ लिखा है, पीठ पे जोर नहीं देना."

"मंग खटका कायले देला? शोभेले?"

"वो तो ऐसे ही, सेफ्टी के लिए."

"हां. मंग त्याचीच सेफ्टी पाहू. तुझी पेन्सिल दे."

त्याच्या कानावर पेन्सिल होती. ती मी एका खराब चाकूच्या मुठीला, बोटांच्या जागी धरली आणि पात्याची पाठ त्याच्या काउंटरच्या कडेवर दाबली. पातं मिटलं आणि पेन्सिलीत रुतलं. मुन्नालालने आता मात्र मान वळवली.

"एक-दो पीस निकल जाते हैं ऐसे," तो म्हणाला.

फळीवर त्याच चाकूंचा वीसचा डबा होता. मी तो उतरवून मागितला. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, तीही जवळ आली. मी एकेक चाकू उघडला, ट्यूबलाइटकडे धरून फक्त खटक्याची पत्ती पाहिली आणि बाजूला ठेवला. दाबून एकही पाहिला नाही. बारा उजवीकडे, आठ डावीकडे.

"उजव्या बाजूचे टिकतात, डाव्या बाजूचे मिटतात," मी म्हटलं. "आता तू दाबून पाह."

मुन्नालालने डावीकडचा पहिला घेतला. मिटला. दुसरा मिटला. मग लबाडी करून उजवीकडचा उचलला. तो टिकला. दोन्ही हातांनी दाबला, तोंड लाल होईपर्यंत, तरी टिकला. आठव्या चाकूपर्यंत पेन्सिलीचे तुकडे झाले होते आणि एक गिऱ्हाईक हसत होतं. मुन्नालाल हसला नाही. त्याने दोन्ही ढीग पुन्हा एकदा पाहिले आणि मला बसायला स्टूल दिलं.

त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो माणूस म्हणाला, फोटो पाठवा. मी म्हटलं पेन्सिलीचाही पाठव. मग माझे पाच खराब चाकू त्याने ठेवून घेतले आणि उजवीकडच्या ढिगातले पाच मला दिले. डावीकडचे आठ मात्र त्याने हळूच डब्यात परत घालायला घेतले, ते मी पाहिलं.

"मुन्नालाल, त्या डब्यावर चिकटपट्टी लाव. माझ्यासमोर लाव. आणखी कोनाच्या सुनेचं बोट कापून घ्यायचं आहे का तुले?"

त्याने चिकटपट्टी लावली. वर 'खराब' असं लिहिलं, तेही माझ्यासमोर.

संध्याकाळी पाचला मी नर्सरीत परत आले. बाया हातपाय धूत होत्या. बसमध्ये सगळा वेळ मी काय बोलायचं ते घोकलं होतं, पण एवढ्या जणींसमोर उभी राहिल्यावर सरळच बोलले.

"चाकू खराब होता. रेणूची चूक नव्हती. तिनं सांगतलं होतं अन् मी ऐकलं नाही. नियम ब्लेडसाठी ठीक होता, चाकूसाठी नाही. रेणू, सोमवारी मांडवात बस."

मला वाटलं पोरगी खूश होईल. ती हात पुसत माझ्याकडे पाहत राहिली.

"इथं सांगून काय होते, मावशी? इथल्या बायांनी मले काही म्हटलंच नव्हतं. घरी येऊन सांगा."

माझ्याशी असं कोणी बोलत नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ती बरोबर बोलत होती.

जमुनाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, शेजारच्या दोघी सोबतीला. मी बसायलाही थांबले नाही.

"जमुनाबाई, तुझ्या सुनेच्या हातात खोट नाही. चाकूत खोट होती. ते पाहाचं काम माझं होतं, मी पाहिलं नाही अन् तिलेच उठवलं. चूक माझी."

जमुनाबाईचा हात सुपात थांबला. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या.

"मंग मी आठ दिवस हिले बोलून राहिली, त्याचं काय?" जमुनाबाई म्हणाली. "जेवताना बोलली. विहिरीवर बोलली. तू सांगतलं म्हणूनच बोलली ना?"

"माझं मी सांगतलं," मी म्हटलं. "तुझं तू पाह."

जमुनाबाईने दोन खडे निवडून अंगणात फेकले. मग रेणूकडे न बघताच म्हणाली, "रोवण्याले मी दुसरी बाई पाहतो. हिले तिकडंच जाऊ दे." तिच्याकडून एवढंच निघणार होतं, आणि एवढं निघालं हेही कमी नव्हतं. रेणूने मान खाली घातली, डोळे भरले होते तिचे.

मी पिशवीतून नव्या पाचांतला एक चाकू काढून तिला दिला. तिने तो उघडला. आधी उजेडाकडे तिरपा धरून खटक्याची पत्ती नीट पाहिली. मग बोटं लांब ठेवून पात्याची पाठ ओसरीच्या खांबावर दाबली. एकदा, दोनदा. टिकला.

"मी पाहूनच आणला ना वो," मी म्हटलं. "भरवसा नाही का माझ्यावर?"

"नाही," ती म्हणाली.

लागलं मला ते. चांगलंच लागलं. सोमवारी मांडवात मी तिला सगळ्यांच्या पुढे बसवलं आणि सांगितलं, रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी बाराही चाकू ही पाहील, माझा धरून.